काळ्या चिकण मातीत घराचा पाया: इथे घर खचण्याआधी उचलले जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लॉटवर काळी चिकण माती आहे, दहा फूट खोदूनही मुरूम लागला नाही. एकमजली घर बांधायचे आहे. ठेकेदार म्हणतो, "पाच फूट खोदू, तळाला फूटभर वाळू टाकू, फुटिंगमध्ये, म्हणजे पायाच्या रुंद तळात, सळई दीडपट करू, काही होत नाही." शेजारच्या घराचा पायाही पाच फुटांचाच आहे आणि त्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत. मग विश्वास कोणावर ठेवायचा? आणि दोन मजले बांधले तर वजनाने माती दबून गप्प बसेल का?

विश्वास शेजारच्या भिंतीवर ठेवा. आता सविस्तर सांगतो.

या मातीला कमकुवत समजणे ही पहिली चूक. उन्हाळ्यात तिचे ढेकूळ कुदळीलाही दाद देत नाही. प्रयोगशाळेत कोरड्या नमुन्याची वहनक्षमता, म्हणजे ती किती वजन पेलेल, काढली तर आकडा चांगलाच येतो, आणि तो कागद दाखवून कित्येक ठेकेदार मालकाला निश्चिंत करतात. अडचण वजन पेलण्याची नाहीच. पाणी मिळाले की ही माती फुगते, पाणी गेले की आकसते, आणि दोन्ही वेळा घराला बरोबर घेऊन जाते. घराच्या चारही कोपऱ्यांना तिने सारखेच वर-खाली केले असते तर आपल्याला कळलेही नसते. तसे ती करत नाही.

फुगण्याचे कारण मातीतल्या खनिजात असते. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. या पापुद्र्यांना धरून ठेवणारी ओढ कच्ची असते, त्यामुळे पाणी थेट त्यांच्यामध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. केओलिनाइटची पांढरी मातीही चिकणच असते, पण तिचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ती या मानाने शांत. बेसॉल्टचा खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत पहिल्या जातीचे खनिज भरपूर असते. मात्र रंगावर जाऊ नका. पिवळट, करडी, तपकिरी मातीही जोरात फुगू शकते, आणि काळी दिसणारी एखादी माती अगदी निरुपद्रवी निघते.

आता वजनाचा हिशेब करू, कारण तुमच्या दोन मजल्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. एकमजली घराच्या भिंतीखाली, छतासकट, मीटरभर लांबीला साधारण 4 ते 5 टन भार येतो असे धरा. पायाची रुंदी पाऊण मीटर असेल तर मातीवरचा दाब होतो 6 टन प्रति चौरस मीटरच्या आसपास. चांगल्याच फुगणाऱ्या मातीचा फुगण्याचा दाब 20 ते 30 टन प्रति चौरस मीटर सहज भरतो. म्हणजे वरून सहा टन दाबताहेत आणि खालून वीस टन ढकलताहेत. आणखी एक मजला चढवला तर सहाचे दहा-अकरा होतील. वीसपुढे तेही अपुरेच. याच मातीत मोठ्या इमारतींपेक्षा बैठी घरे, कंपाउंडच्या भिंती आणि अंगणातल्या फरश्या जास्त फुटतात याचे कारण हेच. मजला चढवायचाच असेल तर राहायला जागा हवी म्हणून चढवा, मातीला दाबायला नको.

घर बांधल्यावर जमिनीत काय घडते तेही समजून घ्या. मोकळ्या जमिनीतला ओलावा ऋतूप्रमाणे वर-खाली होत असतो. हा चढउतार काही खोलीपर्यंतच पोचतो. हवामान आणि मातीप्रमाणे ही खोली साधारण दीड ते साडेतीन मीटर असते. त्याखाली माती बारा महिने एकाच ओलीत, म्हणून स्थिर. या वरच्या थराला आम्ही हलता थर म्हणतो. आता घर बांधले म्हणजे या जमिनीवर झाकण ठेवले. झाकणाखाली ऊन नाही, वारा नाही, बाष्पीभवन बंद. खालून वर येणारी ओल तिथेच साचू लागते आणि घराच्या मध्यभागाखालची माती सावकाश, काही वर्षांत, फुगून बसते. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पूर्वीसारखीच. म्हणून नळ गळत नसला, कोणाचीच चूक नसली, तरी घर मध्ये उंच आणि कडांना खाली होऊ शकते. पहिल्या वर्षी काहीच होत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी भेगा दिसतात, आणि तोवर ठेकेदाराचा फोन बदललेला असतो.

शेजारच्यांची परवानगी घेऊन त्या भेगा नीट पाहून या. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली भेग बहुधा सांगते की मधला भाग उचलला गेला आहे किंवा कडा खाली गेल्या आहेत. उलट, खाली रुंद आणि वर मिटत गेलेली असेल तर कडा उचलल्या गेल्या आहेत. पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडते अशा घरांत ही जास्त दिसते. एकाच कोपऱ्यात तिरकी भेग असेल तर त्या कोपऱ्याबाहेर काय आहे ते पाहा: मोरीचे पाणी, शोषखड्डा, की मोठे झाड. आणि त्यांना एक जरूर विचारा, उन्हाळ्यात भेग मोठी होते की पावसाळ्यात? दारे कोणत्या महिन्यात अडकतात? ऋतूनुसार उघडझाप करणारी भेग मातीची. एकाच दिशेने वाढत जाणारीचे कारण वेगळेही असू शकते.

तुमच्या मातीची प्राथमिक परीक्षा घरीही होईल. मोजमापाच्या खुणा असलेले दोन उभे काचेचे नळे घ्या. माती पूर्ण वाळवून बारीक करा, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा आणि प्रत्येक नळ्यात 10 ग्रॅम टाका. एकात 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत शुद्ध पाणी, दुसऱ्यात तेवढेच केरोसीन. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि 24 तास हलवू नका. केरोसिनात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या थराचे आकारमान केरोसिनातल्यापेक्षा किती टक्के जास्त, तो मुक्त फुगवटा निर्देशांक. भारतीय मानकांच्या वर्गवारीत 50 टक्क्यांच्या आत असेल तर चिंता कमी, 50 ते 100 मध्यम, 100 ते 200 गंभीर आणि 200 च्या वर अतिगंभीर. केरोसिनात 10 आणि पाण्यात 22 मिलिलिटर भरली, तर निर्देशांक 120. त्या मातीत पाच फुटांचा साधा पाया हा जुगार आहे.

घरची चाचणी धोका आहे की नाही एवढेच सांगते, पायाचे डिझाइन तिच्यावर करू नका. प्रयोगशाळेला नमुने देताना नुसती वहनक्षमता मागू नका. द्रव मर्यादा (किती पाण्याला माती पातळ होऊन वाहू लागते), प्लॅस्टिसिटी निर्देशांक (पाण्याच्या किती मोठ्या पल्ल्यात ती मळता येते), आकुंचन मर्यादा (किती ओलीनंतर तिचे आकसणे थांबते) आणि जमिनीतून जसाच्या तसा काढलेल्या नमुन्यावर फुगण्याचा दाब मागा. द्रव मर्यादा 50 च्या वर आणि प्लॅस्टिसिटी निर्देशांक 32 च्या वर दिसला की मी बाकीचे कागद अधिक बारकाईने वाचतो. शिवाय दर अर्ध्या मीटरला ओलाव्याचे प्रमाण मोजून घ्या, शक्य तर उन्हाळ्याअखेर एकदा आणि पावसाळ्याअखेर एकदा. ज्या खोलीवर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येऊ लागतात, तिथे तुमचा हलता थर संपला. पायाचे अर्धे उत्तर या एका आकड्यात असते, आणि नेमका तोच कोणी मागत नाही.

परीक्षणाचे खड्डे घराच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी घ्या. एकाच खड्ड्यावर निर्णय घेतल्याची फळे मी पाहिली आहेत: घराचा अर्धा भाग पाच फुटांवर मुरमावर बसलेला आणि उरलेला अर्धा काळ्या मातीवर. यापेक्षा वाईट परिस्थिती या मातीत नाही, कारण एक बाजू खिळलेली आणि दुसरी हलती. खड्ड्याच्या भिंतीला हात लावून पाहा. ढेकूळ फोडल्यावर आत साबणासारखे गुळगुळीत, चमकणारे पृष्ठभाग दिसले तर ती माती वर्षानुवर्षे स्वतःवरच घासत, फुगत-आकसत आली आहे. उन्हाळ्यातल्या भेगा किती खोल जातात हेही एखादी पातळ सळई आत सोडून पाहता येते.

आता मुख्य निर्णय. या मातीत घर उभे करायच्या दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक तर पाया हलत्या थराच्या खाली न्यायचा आणि वरच्या मातीशी घराचा संबंध तोडायचा. नाहीतर घराचा तळ इतका ताठ करायचा की माती हलली तरी घर नावेसारखे एकसंध हलेल, पण मोडणार नाही. मधली वाट, म्हणजे थोडे खोल, थोडी वाळू, थोडी जास्त सळई, हीच तुमच्या ठेकेदाराची वाट आहे.

मुरूम किंवा खडक दीड-दोन मीटरवर असता तर मी पुढचे काहीच लिहिले नसते. सगळी काळी माती कापून थेट मुरमावर जा म्हटले असते. तुमच्याकडे दहा फुटांवरही तो नाही, म्हणून पहिल्या वाटेचा चांगला पर्याय म्हणजे तळाशी फुगा असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना आपल्याकडे अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. घरांसाठी ही पद्धत रुजवण्यात रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि भारतीय मानक 2911 चा तिसरा भाग याच पाइलसाठी आहे. साधारण 250 ते 300 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे, तळाशी खास कटरने ते दांड्याच्या, म्हणजे वरच्या सरळ भागाच्या, अडीच पट रुंद करायचे, सळईचा सांगाडा सोडून काँक्रीट भरायचे. खोल फुगणाऱ्या मातीत पाइल जमिनीखाली किमान 3.5 मीटर असावी, असे हे मानक सांगते. मध्यम कठीण मातीत 300 मिलिमीटर दांड्याच्या, एक फुगा असलेल्या अशा पाइलवर त्याच्या कोष्टकाप्रमाणे 16 टनांपर्यंत भार ठेवता येतो. तुमची माती खाली मऊ लागली तर कोष्टक बाजूला ठेवून हिशेब करावा लागेल. घराच्या कोपऱ्यांत, भिंतींच्या सांध्यांवर आणि मध्ये गरजेप्रमाणे पाइल घेतल्या की एकमजली घर आरामात पेलते.

फुगा कशासाठी, ते लक्षात घ्या. भार खाली उतरवायला तो उपयोगी आहेच, पण या मातीत त्याचे खरे काम जहाजाच्या नांगराचे आहे. वरची माती फुगताना पाइलच्या दांड्याला चिकटून त्याला वर ओढते. खालचा फुगा स्थिर थरात रुतलेला असतो, तो पाइलला जागचे हलू देत नाही. म्हणजे दांडा मधल्या मध्ये ताणला जातो. म्हणून सळई पूर्ण लांबीची हवी, अगदी फुग्याच्या तळापर्यंत. वरच्या दोन मीटरचाच सांगाडा टाकून बचत करणारे मी पाहिले आहेत. दाबाला काँक्रीट एकटे पुरते, ताणाला पुरत नाही, आणि अशी पाइल बरोबर सळई संपते तिथे तुटते.

पाइलच्या डोक्यांवर बीम येतो आणि त्यावर भिंत. या बीमबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी स्वतःची सर्वांत महागडी चूक इथेच झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराच्या पायावर मी देखरेखीला होतो. पाया उत्तम होता, कॉलम सव्वातीन मीटरवर मुरमात नेले होते, कुठे कसर नव्हती. पण प्लिंथ बीमचे, म्हणजे जोत्याच्या बीमचे, काँक्रीट मी थेट जमिनीवर, पातळ पीसीसी (बिनसळईचे साधे काँक्रीट) टाकून ओतू दिले. शटरिंग वाचले, सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यात दोन कॉलमांच्या मध्ये बीम खालून उचलला गेला आणि वर कमानीसारखा वाकून त्याच्या माथ्याला, बरोबर मध्यभागी, भेग पडली. कॉलम जागचे हलले नव्हते. हलला तो फक्त मातीला टेकलेला बीम. डिझाइन करताना आपण बीमवर भार वरून येतो असे धरतो. इथे तो खालून आला होता आणि बीमच्या वरच्या बाजूला पुरेशी सळई नव्हती.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: या मातीत बीम आणि जमीन यांच्यात मोकळी फट हवीच. मानक किमान 80 मिलिमीटर सांगते. माती जास्त फुगणारी असेल तर मी 100 ते 150 ठेवतो. फट ठेवायला बीमखाली हलक्या दर्जाचे थर्माकोल, पुठ्ठ्याच्या पेट्या किंवा नंतर काढता येतील अशा फळ्या वापरतात. वाळूने भरून ठेवलेली फट ही फट नव्हे, तशीच विटांचे तुकडे कोंबून ठेवलेलीही नव्हे. बाहेरच्या बाजूने माती आत घरंगळू नये म्हणून उभी पातळ काँक्रीटची फळी किंवा विटेची आड भिंत लावा, पण तीही बीमला घट्ट चिकटवू नका. काम संपताना स्वतः ओणवे होऊन टॉर्चने फटीत आरपार पाहा. गवंडी सवयीने ती भरून टाकतात, त्यांचा दोष नाही, इतर मातीत तेच बरोबर असते.

दुसरी वाट म्हणजे ताठ तळ. संपूर्ण घराखाली एक स्लॅब आणि त्याच्या खाली दोन्ही दिशांना खोल बीमांचे जाळे. अशी राफ्ट मातीबरोबर हलते पण वाकत नाही. ऑस्ट्रेलियात घरांसाठी हीच पद्धत रूढ आहे. तिथले मानक प्लॉटची वर्गवारी जमिनीची पातळी किती हलेल यावरून करते, 20 मिलिमीटरपर्यंत सौम्य आणि 75 च्या वर गेली की अतितीव्र, आणि त्या वर्गाप्रमाणे बीमांची खोली ठरते. अमेरिकेत टेक्सासमध्ये स्लॅबमधल्या तारा काँक्रीट घट्ट झाल्यावर ताणून तोच ताठपणा आणतात. लहान, चौकोनी, आटोपशीर घराला राफ्ट चांगली. इंग्रजी एल आकाराच्या, मध्ये चौक असलेल्या, एका बाजूला लांब व्हरांडा काढलेल्या घराला ती मानवत नाही, कारण आतल्या कोपऱ्यांत ताण एकवटतो. तुमचा आराखडा तसा असेल तर पाइल घ्या, किंवा आर्किटेक्टला सांगून घराचे दोन सुटे भाग करा आणि मध्ये सांधा ठेवा.

आता वाळूकडे येतो, कारण या सल्ल्याने सर्वांत जास्त घरे बिघडवली आहेत. विचार असा असतो की माती फुगली तर वाळूत जिरेल. प्रत्यक्षात काय होते? चिकण मातीतून पाणी फार सावकाश झिरपते, वाळूतून झपाट्याने. तुम्ही चिकण मातीत खड्डा काढून त्यात वाळू भरलीत म्हणजे घराखाली हौद बांधलात. पावसाचे पाणी, बांधकामावर मारलेले पाणी, जवळच्या मोरीतले पाणी सगळे त्या हौदात जमते आणि पायाच्या तळाखालची माती, जी एरवी कदाचित वर्षानुवर्षे कोरडीच राहिली असती, महिनोन्‌महिने भिजत राहते. खोदाईच्या चराच्या बाजू वाळूने भरणे हीसुद्धा तीच चूक. चर परत भरताना पाणी न झिरपू देणारी, न फुगणारी माती थराथराने धुमसून भरा.

वाळूऐवजी ज्याला अर्थ आहे तो थर वेगळा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ काम केले. त्यांना दिसले की पूर्ण भिजलेल्या खोल थरातही सुमारे मीटरभराच्या खाली फुगणे जवळपास थांबते, आणि वरच्या भिजलेल्या मातीत तयार होणारी चिकटण्याची ताकद यामागे आहे. त्यावरून त्यांनी सुचवले की वरची फुगणारी माती काढून तिच्या जागी चिकटणारा पण न फुगणारा थर द्यावा. चांगला चिकणसर मुरूम या कामाला चालतो. नुसती वाळू किंवा खडी चालत नाही, कारण तिच्यात चिकटपणा नसतो. हा थर कालव्यांच्या अस्तराखाली मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. घरात मी तो मुख्यतः फरशीखाली वापरतो, 60 सेंटिमीटर ते एक मीटर जाडीचा, पाणी मारून थराथराने धुमसलेला, आणि घराच्या भिंतींच्या बाहेरही मीटरभर पसरवलेला.

मुरूम जवळ मिळत नसेल तर चुना हा पर्याय आहे. मातीच्या कोरड्या वजनाच्या साधारण 4 ते 8 टक्के चुना मिसळला की त्यातले कॅल्शियम पापुद्र्यांभोवतालच्या सोडियमची जागा घेते, माती भुसभुशीत होते आणि फुगणे बरेच कमी होते. पुढे सावकाश ती घट्टही होते. नेमके प्रमाण चाचणी करूनच ठरवा. आणि मातीत सल्फेट असेल, म्हणजे जिप्समचे चमकते खडे दिसत असतील, तर चुना घालू नका. चुना आणि सल्फेट यांच्यातून एट्रिंगाइट नावाचे संयुग तयार होते, तेच फुगते, आणि औषधाने रोग वाढतो.

फरशीचा विचार पायाइतकाच वेगळा करावा लागतो, कारण पाया हलला नाही तरी फरशी उचलली जाऊ शकते. बहुतेक घरांत पाइल चोख असतात आणि फरशी मात्र काळ्या मातीवरच्या भरावावर बसवलेली असते. मग हॉलच्या मध्यभागी फरशी फुगते आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती, ज्या फरशीवरच उभ्या आहेत, वर ढकलल्या जाऊन स्लॅबला टेकतात. खर्च झेपत असेल तर तळमजल्याची फरशीही बीमांवरच स्लॅब टाकून जमिनीपासून सुटी करा. नाहीतर वर सांगितलेला मुरमाचा थर द्या, फरशी आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी सांधा ठेवा, आणि आतल्या भिंती पायाच्या बीमांवरून उचला.

काळी माती घट्ट धुमसली की फुगणार नाही असे अनेकांना वाटते. उलट आहे. कोरडी माती रोलरने दाबून जितकी घट्ट कराल तितकी ती पाणी मिळाल्यावर जोरात फुगते. ती वापरणे अगदीच भाग असेल तर नेहमीच्यापेक्षा थोडी ओली ठेवून धुमसा.

खोदाईची वेळ हाही महत्त्वाचा मुद्दा. भर उन्हाळ्यात, माती पूर्ण आकसून हातभर खोल भेगा पडलेल्या असताना पाया घालायचा आणि मग तिच्यावर पावसाळा येऊ द्यायचा, म्हणजे फुगण्यासाठी तिला पूर्ण वाव देणे. पावसाळा संपून जमिनीत पुरेशी ओल असताना, पण चिखल नसताना काम सुरू करणे बरे. कधीही केले तरी चर उघडे ठेवू नका. आज खोदले की आजच पीसीसी. एक दिवस ऊन लागले तर तळ तडकतो, एक सर आली तर तळाचा लगदा होतो. दोन्ही वेळा तो थर खरवडून काढावा लागतो. पाइलचे भोक पाडले की त्याच दिवशी काँक्रीट, रात्रभर उघडे नको.

तरीही खरे काम पाण्याचेच आहे, आणि ते घर बांधून झाल्यावरही संपत नाही. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीचा, भिंतीपासून बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा करा. तोही मातीबरोबर हलणार, म्हणून सांधे ठेवा आणि भिंतीशी त्याचा सांधा लवचीक मसाल्याने भरा. छतावरचे पाणी पाइपातून थेट या पट्ट्यापलीकडे न्या. पाइप भिंतीच्या पायथ्याशी संपवून खाली चार खडे टाकणे पुरत नाही. घराखालून जाणारी पाण्याची आणि मैल्याची लाइन शक्यतो टाळा. जिथे लाइन पायातून आरपार जाते तिथे भोक मोठे ठेवा आणि जोड लवचीक द्या, नाहीतर माती हलताच पाइप तुटतो, तो गळतो, गळतीने माती आणखी फुगते. शोषखड्डा घरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या, आणि उताराच्या वरच्या बाजूला मुळीच नको. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून रोज पाणी घातलेली पुढची बाजू आणि उन्हात कोरडी राहिलेली मागची बाजू, दोन्ही एकाच घराच्या असतात, आणि मग दोन्हीकडची माती वेगवेगळी हलते.

झाडांचेही तसेच. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांभोवतीची ओल शोषून माती आकसवते. 1976 च्या मोठ्या अवर्षणात ब्रिटनमध्ये लंडनच्या चिकण मातीवरच्या हजारो घरांना भेगा गेल्या, आणि त्यांतल्या अनेकांजवळ मोठी झाडे होती. नवे झाड घरापासून त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके तरी दूर लावा. पिंपळ, वड, निलगिरी यांना त्याहून जास्त. पण प्लॉटवर आधीच जुने झाड असेल तर ते तोडून लगेच पाया घालायला धावू नका. त्याने वर्षानुवर्षे कोरडी ठेवलेली माती आता हळूहळू पाणी पिऊन फुगू लागेल, आणि हे काही पावसाळे चालते. तोडायचेच असेल तर बांधकामाच्या बरेच आधी तोडा.

तुमच्या ठेकेदाराला एवढे विचारा: फुगण्याचा दाब किती आला? हलता थर किती खोल? बीमखाली फट किती? तीनपैकी एकाचेही उत्तर "काही होत नाही" असे आले तर पायाचे काम दुसऱ्याकडून करून घ्या, वरचे त्याच्याकडे राहू द्या. दीडपट सळईचे पैसे परीक्षणाच्या खड्ड्यांत आणि चाचण्यांत घाला. फुटिंग कितीही मजबूत असले तरी ते अख्खेच्या अख्खे उचलले जाते, सळई त्याला रोखत नाही.

शेजाऱ्यांनी विचारलेच तर त्यांना सांगा की भेगा घाईने बुजवू नका. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, तारीख लिहा, आणि रुंदी वर्षभर दर महिन्याला मोजा. आधी पागोळ्या, मोरी आणि पाइपांची गळती दुरुस्त करा. पुष्कळ घरे एवढ्यानेच शांत होतात. दुरुस्ती त्यानंतरचा एक पूर्ण ओला-कोरडा फेरा पाहूनच.

आणि तुमचे घर उभे राहिले की जोत्यात चार कोपऱ्यांवर आणि प्रत्येक लांब भिंतीच्या मध्यावर एकेक पितळी खिळा एकाच पातळीत बसवून ठेवा. पाण्याच्या नळीने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्यांची पातळी तपासा आणि वहीत लिहा. पाच-सात मिलिमीटरचा फरक मोजमापातही पडतो, त्याने घाबरू नका. एकच खिळा सलग दोन नोंदींत एकाच दिशेने गेला, तर भेग पडायची वाट न पाहता त्या कोपऱ्यात पाणी कुठून येते ते शोधा.